भोसरी ते चाकण : न हलणाऱ्या आरशाचा शोध

बालमित्रांनो, आधी एक कोडं घालते हं.

‘दाराला लटकतो, पण आत काही येत नाही. मागचं सगळं पुढे सांगतो, पण तोंड काही उघडत नाही. ओळखा पाहू, मी कोण?’

आलं ना लक्षात? गाडीचा आरसा! स्कूटरला असतो, रिक्षाला असतो, एसटीला तर केवढा मोठा असतो. उभ्या गाडीच्या आरशात बघून आपण हळूच भांगही सारखा करून घेतो. पण असा एक आरसा मिळवण्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भोसरीहून निगडीला आणि निगडीहून थेट चाकणला गेलो, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ‘बाई, आरसा तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो!’

मिळतो की. पण आम्हाला हवा होता न हलणारा आरसा!

मी भोसरीतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. (‘बाई, माझं नाव छापू नका,’ असं तिने बजावलंय, म्हणून नाव सांगत नाही.) तिच्या बाबांकडे एक जुनी पिकअप आहे. पिकअपला मागे जनरेटरची ट्रॉली जोडायची आणि लग्नाचा मांडव, हरिनाम सप्ताह, गावची जत्रा जिथे असेल तिथे ओढत न्यायची, हा त्यांचा धंदा. त्यावर घर चालतं. नवी गाडी घेणं काही परवडत नाही.

अडचण अशी, की पिकअपची केबिन अरुंद आणि ट्रॉली रुंद. आम्ही टेप लावून मोजलं, तर ट्रॉली दोन्ही बाजूंनी जवळजवळ वीतभर बाहेर येत होती. गाडीच्या मूळच्या आरशात मागचा रस्ता दिसायचाच नाही, दिसायचा तो ट्रॉलीचा पत्रा. म्हणून त्यांनी लांब दांडीचे आरसे बसवून घेतले. पण इंजिन सुरू झालं, की आरसे लागले थरथरायला!

‘बाई, आरशात माणूस आहे की मोटारसायकल, तेच कळत नाही. सगळं लापशीसारखं दिसतं,’ ते म्हणाले. मग जरा थांबून बोलले, ‘आमच्या गल्लीत पोरं खेळत असतात. गाडी मागे घेताना एखादं पोर मागे आलं आणि मला दिसलंच नाही तर? रात्री झोप लागत नाही हो.’

आता सांगा, हा प्रश्न एकट्या त्यांचा आहे का? गल्लीत खेळणारी ती पोरं म्हणजे माझाच वर्ग की! मी म्हटलं, ‘दादा, चला, मीही येते.’

टेम्पोच्या मुलखातून

आम्ही बुधवारी निघालो. बुधवारच का? कारण भोसरीच्या एमआयडीसीत पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते! ट्रॉली घरीच सोडली. केबिनमध्ये दादा, त्यांची लेक आणि मी. पट्टे बांधले आणि निघालो.

पहिल्यांदा लागला नाशिक फाटा. इथे जुना पुणे-मुंबई रस्ता आणि पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता एकमेकांपासून वेगळे होतात. डोक्यावर जे. आर. डी. टाटांच्या नावाचा दुमजली उड्डाणपूल आहे, आणि २०२२ पासून मेट्रोही धावते. भोसरीच्या बाजूला सीआयआरटी म्हणजे केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. १९६७ साली ती स्थापन झाली. बसगाड्या चालवणाऱ्या महामंडळांच्या लोकांना तिथे शिक्षण मिळतं, गाड्यांच्या भागांच्या चाचण्याही होतात. आणि गंमत ऐका, गाडीचा आरसा कसा असावा याचेसुद्धा आपल्या देशात लिहिलेले नियम आहेत. एआयएस ००१ मध्ये आरसा कसा बनवावा ते सांगितलंय आणि एआयएस ००२ मध्ये तो गाडीवर कुठे, कसा बसवावा ते. एवढ्याशा आरशाला दोन-दोन नियमपुस्तिका!

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी. इथे कारखान्यांच्या भिंतींना भिंती लागलेल्या. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं एमआयडीसी, सुरू झालं आणि इथल्या माळरानांवर कारखान्यांची वस्ती झपाट्याने वाढली. आकुर्डीत बजाज टेम्पोचा कारखाना. आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो ना, ते या कंपनीच्या गाडीचं नाव! कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं, पण लोकांच्या तोंडचा टेम्पो काही गेला नाही. पिंपरीला टेल्को, म्हणजे २००३ पासूनची टाटा मोटर्स. १९८८ साली टेल्कोने ‘टाटामोबाइल’ नावाची पिकअप बाजारात आणली होती. म्हणजे आपल्या रस्त्यांवर पिकअप धावू लागल्या त्याला तीन तपांहून जास्त काळ लोटला. तेव्हाच्या गाड्या म्हाताऱ्या झाल्या आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. दादांच्या मागे लागलेलं कोडं ते हेच.

निगडीची आरसे-गल्ली

निगडीला भक्ती-शक्ती शिल्प आहे. शिवाजी महाराज आणि तुकाराम महाराज यांची भेट तिथे शिल्पात घडवली आहे. त्याच भागात ट्रान्सपोर्टनगरी आहे. बाप रे, काय ती गर्दी! जिकडे बघावं तिकडे ट्रक. कुठे टायर उतरवताहेत, कुठे पाटे बदलताहेत, कुठे नंबरप्लेट रंगवताहेत. दुकानांच्या दारांत आरसे टांगलेले. गोल, चौकोनी, लांबट. एकेका आरशात आमचे तिघांचे चेहरे, कुठे जाडे, कुठे बारीक!

दुकानदार काकांनी दोन आरसे शेजारी शेजारी धरले. ‘बाई, यात काय फरक आहे सांगा बरं.’

मी सांगायच्या आत आमची चौथीतली हुशारी बोलली, ‘एकात मी मोठी दिसते, एकात छोटी!’

अगदी बरोबर. पहिला सपाट आरसा. त्यात वस्तू आहे तेवढी दिसते, पण मागचा थोडाच भाग दिसतो. दुसरा बहिर्गोल, म्हणजे बाहेर फुगलेला. मोठ्या काचेच्या चेंडूचा एक तुकडा कापून घ्यावा, तसा. त्यात मागचा पुष्कळ मोठा भाग मावतो. मात्र मावण्यासाठी प्रत्येक वस्तूला लहान व्हावं लागतं! आणि वस्तू लहान दिसली, की आपल्याला वाटतं ती लांब आहे.

किती लांब? मी तिथेच कागदावर हिशेब केला. आरशाच्या गोलाव्याची त्रिज्या १ मीटर २० सेंटिमीटर आणि चालकाचा डोळा आरशापासून ८० सेंटिमीटरवर धरू. मग १२ मीटर मागे असलेली मोटारसायकल आरशात २५ मीटरपेक्षाही लांब असल्यासारखी दिसते! दादा म्हणाले, ‘म्हणूनच आम्ही आरशात बघितल्यावरसुद्धा एकदा मान वळवून बघतो.’ पाहिलंत? अनुभवाने शिकलेली गोष्ट आणि गणिताने काढलेलं उत्तर एकच निघालं.

काकांनी मग लांब दांडीचे आरसे दाखवले. पण ते मोठ्या ट्रकचे, वजनाने जड. जुन्या पिकअपच्या दाराचा पातळ पत्रा त्यांना कसा पेलणार? नव्या गाड्यांचे आरसे प्लास्टिकच्या खोबणीतले. ते या दाराला बसणारच नाहीत. ‘चाकणला बघा,’ काका म्हणाले. ‘कांद्याच्या पिकअपवाले तिकडे आरसे बनवून घेतात.’

शर्यतीत हललेला आरसा

चाकणच्या वाटेवर मी त्या दोघांना एक गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

१९०९ साली इंग्लंडमध्ये डोरोथी लेव्हिट नावाच्या बाईंनी मोटार चालवणाऱ्या बायकांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सल्ला दिला, की गाडीत एक हातातला छोटा आरसा ठेवा आणि तो मध्येच वर धरून मागचा रस्ता बघा. तेव्हा गाड्यांना आरसे नसायचेच!

पुढे १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिस या गावी ५०० मैलांची मोटार शर्यत झाली. प्रत्येक गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसायचा आणि मागून कोण येतंय ते सांगायचा. म्हणजे आपल्या ट्रकवरचा क्लीनरच म्हणा ना! पण रे हॅरून नावाच्या चालकाची गाडी एकाच माणसाची होती. बाकीच्यांनी तक्रार केली, ‘याला मागचं दिसणार कसं?’ हॅरूनने गाडीवर चक्क एक आरसा बसवला आणि ताशी सुमारे १२० किलोमीटरच्या सरासरी वेगाने शर्यत जिंकलीसुद्धा.

पण खरी गंमत पुढेच आहे. त्या मैदानाचा रस्ता विटांचा होता. गाडी इतकी हादरायची, की आरसा सारखा थरथरत होता आणि त्यात काहीएक दिसत नव्हतं! हे हॅरूननेच नंतर सांगितलं.

दादा खो खो हसले. ‘म्हणजे माझ्यासारखंच की! शंभर वर्षं झाली, तरी आरसा हलतोच आहे.’

इंद्रायणी ओलांडून

आम्ही स्पाइन रोडने चिखलीच्या बाजूने निघालो. वाटेत कुदळवाडी लागते. इथे जुन्या सामानाची, भंगाराची मोठी पेठ होती. जुन्या गाड्यांचे भागही तिथे शोधले की सापडायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने इथली हजारो शेड आणि गोदामं पाडली. दादा म्हणाले, ‘पूर्वी मी आधी इथेच आलो असतो.’

मोशी गेली, इंद्रायणीचा पूल आला. देहूला भेटून आलेली आणि पुढे आळंदीला जाणारी ही नदी. पूल ओलांडला, की कुरुळी आणि मग चाकण. रस्त्यावर कंटेनर, नव्याकोऱ्या मोटारी वाहून नेणाऱ्या लांबलचक गाड्या, कामगारांच्या बसेस आणि त्यांच्या मधूनच वाट काढणाऱ्या कांद्या-बटाट्याच्या पिकअप. चाकणची ओळख आता मोटारींचं गाव अशी आहे, पण मार्केट यार्डातला कांदा-बटाटा त्याआधीपासूनचा.

चाकणला एक भुईकोट किल्लाही आहे, संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेशी इथे जवळजवळ दोन महिने झुंज दिली. बुरुजावरच्या पहारेकऱ्यांना दूरवरचं सगळं दिसत होतं. पण शत्रूने जमिनीखालून भुयार खणत आणलं आणि सुरुंग लावून बुरूज उडवला. जिथे नजर पोहोचत नाही, धोका नेमका तिथूनच येतो. गाडीचंही तसंच असतं बरं का! ते कसं, हे पुढे सांगते.

मेस्त्रींची शाळा

मार्केट यार्डाजवळ एका छोट्या गॅरेजमध्ये मेस्त्री भेटले. पिकअपमध्ये कांद्याची पोती रचली, की ती बाजूने फुगतात आणि आरसा झाकून जातो. म्हणून मेस्त्री पिकअपवाल्यांना आरशाच्या दांड्या बनवून देतात.

त्यांनी दादांचा आरसा बोटाने नुसता टिचकी मारून बघितला. टर्र्र्र! मग मला म्हणाले, ‘बाई, तुमच्याकडे फूटपट्टी आहे का?’ शिक्षिकेच्या पिशवीत फूटपट्टी नसेल असं होईल का?

मेस्त्रींनी पट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरली. थोडीच बाहेर काढून टिचकी मारली, तर जेमतेम हलली. पुष्कळ बाहेर काढून मारली, तर केवढी वर-खाली झाली! ‘हीच तुमची दांडी,’ ते म्हणाले.

मुलांनो, पट्टीचा बाहेरचा भाग दुप्पट केला, तर टोकाला तेवढंच वजन लावल्यावर ती दुप्पट नाही, आठपट वाकते! दोन गुणिले दोन गुणिले दोन. म्हणून दांडी जरुरीपेक्षा एक बोटही लांब नको.

आता दुसरा चमत्कार. सपाट आरसा एक अंश फिरला, तर त्यातून दिसणारी दिशा दोन अंश फिरते. दोन अंश म्हणजे किती? ३० मीटर मागे ते अंतर जवळजवळ १ मीटर होतं! आरसा केसभर थरथरला, तर मागची मोटारसायकल मीटरभर नाचते. मग लापशी दिसणार नाही तर काय!

मेस्त्रींनी चार गोष्टी केल्या. एक, दांडी कापून ट्रॉलीपुरतीच बाहेर ठेवली. दोन, आरसा एकाच दांडीवर होता, त्याला खालून दुसरी आधाराची दांडी दिली. वर एक आणि खाली एक अशा दोन ठिकाणी धरलेली वस्तू सहज हलत नाही. तीन, दाराच्या पातळ पत्र्याला आतून जाड लोखंडी पट्टी लावली आणि मग बोल्ट आवळले, म्हणजे पत्राच लवायचा थांबला. चार, जोडावर नवे रबरी वायसर घातले आणि नट सैल होऊ नये म्हणून त्यावर दुसरा नट आवळला. मुख्य आरसा सपाट ठेवला आणि त्याखाली छोटा बहिर्गोल. लांबचं वरच्यात बघायचं, बाजूचं खालच्यात.

इंजिन सुरू झालं. आम्ही श्वास रोखून बघत होतो. आरसा किंचित शहारला आणि गप्प झाला. मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं मला आरशात स्पष्ट दिसत होती. उलटी, पण स्पष्ट!

रांगोळीचा नकाशा

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. नाही हं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली.

गुरुवारी सकाळी आम्ही पिकअप, मागे ट्रॉली जोडून, मोकळ्या मैदानात उभी केली. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. दादा आत बसले. गल्लीतली मुलं बोलावली. एकेका मुलाने गाडीभोवती एका जागी उभं राहून हात वर करायचा आणि विचारायचं, ‘काका, मी दिसतो का?’ ‘नाही’ असं उत्तर आलं, की मी तिथे रांगोळीचा ठिपका द्यायचे.

रस्ता छान दिसत होता. ट्रॉलीच्या दोन्ही कडा दिसत होत्या. मग मुलं ट्रॉलीच्या मागे जाऊन उभी राहू लागली. एक. ‘दिसत नाही.’ तीन. ‘नाही.’ सात. ‘नाही.’ शेवटी गल्लीतली अकराच्या अकरा मुलं ट्रॉलीमागे उभी राहिली आणि सगळी एकदम ओरडली, ‘काका, आम्ही दिसतो का?’

‘आवाज येतोय. पण एकही दिसत नाही,’ दादा म्हणाले.

डाव्या बाजूला पुढच्या चाकाजवळ एक जण बुटाची नाडी बांधायला वाकला. तोही दिसला नाही. ठिपके जोडले, तर गाडीभोवती मोठा थोरला आकार तयार झाला. आम्ही त्याला ‘न दिसणारं अंगण’ असं नाव दिलं.

दादा खाली उतरले. त्या रांगोळीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, ‘आरसा कितीही चांगला असला, तरी आजपासून मागे माणूस उभा केल्याशिवाय मी गाडी मागे घेणार नाही.’ ट्रकचा क्लीनर खाली उतरून ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडतो आणि पत्र्यावर थाप मारतो ना, ते उगाच नाही. हलत्या आरशाला दांडीचा आधार देता येतो. पण जे आरशात येतच नाही, तिथे माणसाचाच आधार लागतो. हल्ली काही गाड्यांना मागे कॅमेरा असतो, तोही चांगलाच. पण तोसुद्धा पुसून ठेवावा लागतो, आणि बघायचं काम शेवटी माणसालाच करावं लागतं.

आता तुमचं काम. घरी एक हातातला आरसा घ्या. आई किंवा बाबांना आरसा धरून पुढे तोंड करून बसू दे. तुम्ही मागे हळूहळू सरका. ज्या क्षणी तुम्हाला त्यांचे डोळे आरशात दिसतील, त्याच क्षणी त्यांनाही तुमचे डोळे दिसू शकतील. प्रकाश ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने परतही येऊ शकतो. यावरून एक नियम पाठच करा :

‘मला आरशात चालकाचा चेहरा दिसत नाही, म्हणजे चालकाला त्या आरशात मी दिसत नाही.’

गाडी उभी असो वा सुरू, तिच्या मागून आणि अगदी जवळून जायचं नाही. चेंडू गाडीखाली गेला, तर आधी चालकाला हाक मारायची. आणि चेहरा दिसला, तरी चालक आपल्याकडे बघतोय याची खात्री झाल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. पालकांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर सुट्टीच्या दिवशी किल्ली काढून खिशात ठेवा आणि मुलांबरोबर तुमच्या गाडीचं ‘न दिसणारं अंगण’ एकदा रांगोळीने आखून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि हो, कधी चाकणला गेलात, तर आईबाबांचा हात धरून फुटपाथवर उभे राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पिकअप मोजा. कितींचे आरसे थरथरतात, कितींचे स्थिर आहेत आणि कितींचे चक्क गायबच आहेत? आकडे वहीत लिहून ठेवा आणि मला कळवा. कळवाल ना?